लागली की झाडली

गोळी हा साथीचा आजार आहे, असा कायदा विधिमंडळात आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि त्याच आठवड्यात तांबळवाडीचा मंडपवाला विलास बोऱ्हाडे त्या आजाराने वारला. युवा नेते रणजितदादा डोंगरे यांचा वाढदिवस होता. विलास शिडीवर उभा राहून सुटलेली झालर बांधत होता. केक कापून झाल्यावर दादांनी आनंदाच्या भरात पिस्तूल काढलं आणि विलासला लागण झाली.

शिडी खालून त्याच्या बायकोनं, कल्पनानं धरली होती. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून ती पोलीस चौकीत गेली.

"रणजित डोंगरेनं माझ्या नवऱ्यावर गोळी झाडली," ती म्हणाली.

हवालदार खैरनारांच्या मुलीच्या लग्नाचा मंडप विलासनंच घातला होता. त्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तिला पाणी दिलं.

"वहिनी, मागच्या सोमवारी आला असता तर लगेच गुन्हा नोंदवला असता. आता गोळी आमच्याकडं राहिली नाही. आरोग्य खात्याकडं गेली."

"मागच्या सोमवारी तो जिवंत होता."

"तेही खरंच," खैरनार म्हणाले.

आरोग्य केंद्रात डॉक्टर सबनीस नवीन कायदा वाचूनच बसले होते. "तुमच्या मिस्टरांना गोळी लागली ना?" त्यांनी विचारलं.

"लागली नाही. झाडली."

"बाई, आपण बोलतो कसं ते बघा. ऊन लागतं, ठसका लागतो, उचकी लागते. तशी गोळीही लागते. उचकी कुणी झाडतं का? कायदा करणाऱ्यांनी भाषेचा चांगला विचार केलाय."

"पिस्तूल त्याच्या हातात होतं."

"होतं ना. म्हणून तर ते वाहक. वाहकाला दोष द्यायचा नसतो, उपचार द्यायचे असतात. डासावर कुणी खटला भरतं का?"

"डास मारतात, डॉक्टर."

ती जुनी पद्धत झाली, असं डॉक्टर म्हणाले.

रणजितदादांना स्वतंत्र खोलीत दाखल करण्यात आलं. एसटी स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला: 'दादा, लवकर बरे व्हा!' फोटोत दादांच्या हाताला सलाइन होतं आणि डोळ्यांवर गॉगल होता. फ्लेक्सचे बांबू विलासच्याच गोदामातून नेलेले होते. कल्पनानं ते लांबूनच ओळखले.

रोगी दगावला तो बोऱ्हाड्यांच्या घरचा, म्हणून कायद्यानं दूषित घरही त्यांचंच ठरलं. दारावर लाल पट्टी चिकटवली गेली. अंगणात धूर मारून गेले. दहाव्याला कावळा आला, माणसं आली नाहीत.

खातं हातावर हात ठेवून बसलं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांनी दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळायला लावला. डेंग्यूत घरातली पाण्याची भांडी रिकामी करतात, तशी ज्याच्या त्याच्याकडची पिस्तुलं त्या दिवशी रिकामी करायची. लोक गच्चीवर जाऊन ती आभाळाकडे तोंड करून रिकामी करू लागले. शुक्रवारचे रुग्ण वाढले. त्यावरून हा आजार शुक्रवारी जास्त बळावतो, हे खात्याच्या लक्षात आलं.

कल्पनानं आपला हेका सोडला नाही. दूधवाला म्हणायचा, "विलासभाऊंना लागली, फार वाईट झालं." ती म्हणायची, "लागली नाही. झाडली." नणंदेला हेच, शाळेतल्या बाईंना हेच. लोक तिला टाळू लागले. खरं तर अख्ख्या तांबळवाडीत तेवढी एकच बाई धड मराठी बोलत होती, पण ते तिला सांगणार कोण?

"आई, बाबांना लागली की झाडली?" चौथीतली समृद्धी एकदा शाळेतून रडत आली आणि तिनं विचारलं.

"झाडली. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं. घाबरायचं नाही."

मग लस आली. देवीची लस देवीच्याच जातीच्या रोगातून निघाली होती, तशी गोळीची लसही गोळीतूनच निघाली. डाव्या दंडात एक बारीकसा छर्रा मारायचा, म्हणजे शरीराला सवय होते. लस घेतल्याशिवाय पाचवीत प्रवेश नव्हता. लस टोचणाऱ्याचा नेम चांगला असावा लागतो, म्हणून खात्यानं बऱ्या झालेल्या वाहकांनाच मानधनावर घेतलं.

शाळेच्या व्हरांड्यात पांढरा कोट घालून रणजितदादा बसले होते.

"या वहिनी," ते मायेनं म्हणाले. "विलासभाऊंसारखा मंडप परत कुणी घातला नाही बघा." त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढं सरकवली.

शेजारच्या नर्सबाईंनी समृद्धीची बाही वर दुमडली. "घरात आधी कुणाला गोळी?"

"हिच्या वडलांना."

"कुणापासून, ते माहीत आहे?"

कल्पना इतके दिवस हाच प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होती, आणि आज खुद्द सरकार विचारत होतं. तिनं रणजितदादांकडं पाहिलं. ते स्पिरिटच्या बोळ्यानं छऱ्याची बंदूक पुसत होते. बाजूला पांढऱ्या रुमालावर दुसरं एक पिस्तूल ठेवलेलं होतं. चंदेरी मुठीचं. ते तिनं शिडीखालून पाहिलेलं होतं.

"माहीत असेल तर नाव सांगा," नर्सबाई सकाळपासून म्हणत होत्या त्याच सुरात म्हणाल्या. "नाव माहीत असलं की संपर्क जवळचा धरतात, मग मुलीला मोठा डोस लागतो. माहीत नसेल तर लहान." मोठा म्हणताना त्यांनी रुमालाकडं बोट दाखवलं.

"सांगा की वहिनी," रणजितदादा म्हणाले. "मनात काही ठेवू नका. औषधाला कसली लाज?"

समृद्धी मान वर करून आईच्या तोंडाकडं बघत होती. आई काय म्हणणार, हे तिला पाठ होतं.

"माहीत नाही," कल्पना म्हणाली. "लागली."

"लागली ना? मग झालं तर." दादांनी रुमालाची घडी पिस्तुलावर टाकली आणि छऱ्याची बंदूक उचलली. "बाळ, हात सैल सोड."

कल्पनानं लेकीचा हात शिडी धरली होती तसा दोन्ही हातांनी धरला.

"आई," समृद्धीनं हळूच विचारलं, "झाडली ना?"

"हलू नकोस," कल्पना म्हणाली.