अर्धा आटा जास्त

त्या पिवळ्या प्लास्टिकच्या पान्याची मान मधेच बारीक झाली होती. जेमतेम काडेपेटीच्या काडीएवढी. भीमाशंकरअप्पांनी चष्मा वर सरकवून ती पाहिली आणि नाक मुरडलं. अख्खी नोकरी एसटीच्या चाकांचे नट आवळण्यात गेलेल्या माणसाला हे खेळणं! पण आरतीनं, त्यांच्या लेकीनं, नांदेडहून कमोडसाठी नवी सीट पाठवली होती आणि पाना त्याच खोक्यात निघाला होता.

बायको गेल्यापासून औशाच्या घरात अप्पा एकटेच. आरती दर रविवारी फोनवर विचारायची, "अप्पा, इकडं राहायला कधी येताव?"

"येतो की. पण थंडी सरू दे."

थंडी सरली की म्हणायचे, "येतो, पण एवढ्या उन्हाचं कुठं निघू?" नट बसला तरी वर अर्धा आटा द्यायचा, ही डेपोतली सवय बोलण्यातही उतरली होती; 'येतो' म्हटलं तरी वर एक 'पण' असायचाच.

अप्पांनी त्या पान्यानं सीटचा नट आवळला. कट्! मान तुटून नुसती मूठ हातात आली.

"जरा बी दम न्हाई ह्याच्यात," ते कमोडलाच म्हणाले. घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी आपला लोखंडी पाना काढला आणि वर अर्धा आटा दिला. या वेळचा आवाज वेगळा होता. कमोडला आरपार तडा गेला आणि पाणी फरशीवर आलं.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा सकाळी सकाळी शेजारी साखराबाईच्या दारात उभे राहू लागले. हातात रिकामी वाटी, साखर मागायला आल्यासारखी.

"अप्पा, वाटी ठेवा ओट्यावर अन् आधी जाऊन या," साखराबाई म्हणाली. "साखर कुठं पळून जात न्हाई."

तिचा नवरा मल्लिकार्जुन टॉवेल खांद्यावर टाकून संडासाबाहेर ताटकळायचा. शेवटी तोच वैतागून अप्पांच्या घरी आला आणि खोक्यावरची चित्रं बघून हसत सुटला.

"अप्पा, ह्यो पाना तुटायसाठीच केलाय! नट पुरेसा बसला की आपोआप तुटतो. मंजे माणसानं तिथं थांबायचं."

"तुटला तवाच झालं होतं?"

"तवाच झालं होतं."

रविवारी फोन आला. "सीट बसली का अप्पा?"

"लई घट्ट बसली," अप्पा म्हणाले आणि मग सगळंच सांगून टाकलं. वाटीपर्यंत आल्यावर आरती इतकी हसली, की तिला ठसका लागला. हसणं ओसरलं. अप्पा नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत राहिले.

"बरं अप्पा, ठेवू का मग?"

या रविवारी तिनं विचारलंच नव्हतं. अप्पांनी पिवळी मूठ मुठीत दाबली.

"आरती, येतो मी तिकडं."

पलीकडून तिनंच विचारलं, "पण?"

"पण न्हाई. राहायलाच येतो."