जुनी ठेवू की नवी घेऊ?

एका जंगलात, मुलांनो, पाणवठ्याला फाटक होतं आणि फाटकाला संगणक होता. संगणक लिनक्सवर चालायचा, म्हणजे जंगल चांगलंच पुढारलेलं होतं. पाणी कोणी केव्हा प्यायचं ते सेटिंगच्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असे आणि त्याप्रमाणे फाटक उघडे, मिटे.

हे सगळं गंगाराम अस्वलाच्या ताब्यात होतं. त्याने मागे त्या फाइलमध्ये स्वतः एक ओळ घातली होती. हरणं पाण्यावर असताना वाघाला फाटक उघडू नये, अशी. केसर नावाच्या चितळीने ती हट्टाने घालून घेतली होती, कारण तिचं पहिलं पाडस पाणवठ्यावरच गेलं होतं. आता तिला दुसरं झालं होतं.

अपडेट आलं की संगणक अदबीने विचारायचा, "ही फाइल तुम्ही बदललेली आहे. जुनी ठेवू की नवी घेऊ?" गंगाराम न वाचता 'जुनी' म्हणायचा. मग संगणक नवी फाइल शेजारी ठेवून द्यायचा, साहेब सवडीने दोन्ही ताडून पाहतील म्हणून. साहेबांना मध चाटायला सवड होती.

एकदा मोठं अपडेट आलं आणि त्यात फाटकाचं कुलूपच बदललं. नव्या कुलपाची माहिती फक्त नव्या फाइलमध्ये होती. गंगाराम सवयीने 'जुनी' म्हणाला आणि फाटक कोणालाच उघडेना. दुपारपर्यंत हत्तीसुद्धा रडकुंडीला आले.

लगेच कोल्ह्याच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जुनं ते सगळं टाकावं आणि नवं ते सगळं घ्यावं, असं एकमताने ठरलं. समितीला कुठे फायली वाचायच्या होत्या!

केसर मात्र गंगारामला आडवी आली. म्हणाली, "दादा, नवी घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण माझी ओळ तिच्यात आहे का, तेवढं बघा."

कोल्ह्याने तिला समजावलं, की बनवणाऱ्यांनी विचार करूनच बनवलं असणार. तो केलेलाच होता. पण बनवणारे सशांच्या जंगलातले होते. त्यांच्या फाइलमध्ये एवढंच होतं: सर्वांना, सर्व वेळ, प्रवेश.

"उद्या बघतो, केसर," गंगाराम म्हणाला आणि त्याने नवी फाइल घेतली. फाटक सताड उघडलं. टाळ्या झाल्या. तहानलेली हरणं आत धावली. वाघही आला. संध्याकाळी केसर पाणवठ्यावरून एकटीच परतली.

ती गंगारामच्या समोरून सरळ निघून गेली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो उठून संगणकापुढे बसला. जुनी फाइल तिथेच शेजारी होती. त्याने दोन्ही ताडल्या, केसरची ओळ उचलून नवीत घातली, आणि फाटक हवं तसं चालू लागलं. बसताना आणलेला चहा अजून गरम होता. मला त्या अस्वलाचा राग येतो तो इथे, मुलांनो.

समितीने चौकशी केली. अपडेट यशस्वी झाल्याचं आढळलं. वाघाने तर अभिनंदनाचा ठरावच मांडला, फक्त शेवटी एक तक्रार जोडली, की इतकी चांगली व्यवस्था एका दिवसात का बदलली.

तात्पर्य: अपडेटनंतर जुनी आणि नवी फाइल ताडून पाहत बसू नये. वाघांची गैरसोय होते.