झिराईची हद्द

पहूरच्या पलीकडे थोरली झिरी आणि धाकटी झिरी अशी दोन गावं होती. मधे एक कोरडा नाला. सन एकोणीसशे अकराच्या हिवाळ्यात असं आढळून आलं की, या गावांच्या देवांची हद्द अद्याप मोजलेलीच नाही.

आढळलं ते दौऱ्यावरच्या आयरिश साहेबाला. त्याच्या मुलखात फार पूर्वी केल्ट लोक राहत. टोळीटोळीचा देव वेगळा, झऱ्याझऱ्याची देवी वेगळी. तीच शिस्त खानदेशात लावावी, असं साहेबानं मनावर घेतलं. हुकूम सुटला: थोरलीची झिराई नाल्यापर्यंत, धाकटीचा वाघदेव नाल्यापासून. हद्दीबाहेर केलेली कृपा रद्द समजावी.

थोरलीची सुगंधाबाई झिराईला दिवा लावल्याशिवाय तोंडात घास घेत नसे. तिचा मुलगा पुना नेमका धाकटीत, सासुरवाडीला गेला असता तापानं फणफणला. ती अंगारा घेऊन निघाली, तर नाल्यावर साहेबाचा गिरधर कारकून उभा.

"अक्का, अंगारा पलीकडे चालायचा नाही."

"भाऊ, मना पोऱ्या तापमा शे."

"मग पोऱ्याला हद्दीत आणा. देवीला नेता येणार नाही."

पुनाला बाजेसकट उचलून आणलं. नाल्यात धाकटीच्या रुपचंद पाटलानं बाजेचे खूर धरले. "हाऊ ताप आमना गावमा चढना, आमना शे!"

शेवटी तडजोड झाली. बाज नाल्यात आडवी ठेवली. कमरेवरचा पुना झिराईचा, खालचा वाघदेवाचा.

"आख्खा आंगमा एकच ताप शे, नाना," सुगंधाबाई रुपचंदला हळूच म्हणाली. पण अंगारा वरच्या निम्म्यालाच लागला.

दुपारी पुनाच्या कपाळाला घाम फुटला. थोरलीत ढोल वाजला. धाकटीवाल्यांनी घाईघाईनं पायांवर घोंगड्या टाकल्या. त्यांचा भगत येईपर्यंत त्यांच्या हद्दीतला ताप उतरता कामा नये.

तेवढ्यात जामनेरच्या कचेरीतून निरोप आला: साहेबाची बदली झाली, हुकूम रद्द. सुगंधाबाईनं हात जोडले. "आता सोडा रे बाज."

कुणीच सोडली नाही.

"हुकूम साहेबना व्हता, अक्का," रुपचंद म्हणाला. "हद्द आमनी शे." आणि थोरलीवाल्यांनी पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याला माना डोलावल्या.

पुनानं डोळे उघडून पाणी मागितलं. दोन्ही काठांवर घागरी भरलेल्या होत्या. सुगंधाबाई धावली, तर दोन्हीकडच्यांनी तिचे हात धरले. आधी कोणत्या गावाचं पाणी द्यायचं, ते ठरेना.

तुम्ही तिथं असता, तर काय केलं असतं? सांगा की. पण आधी गाव कोणतं तुमचं?