ऊब न देता निघालेली पिल्लं

एका जंगलात, बाळांनो, एक फार शिकलेली कावळी राहत होती. तिचं नाव शामला. ती इतकी शिकली होती की तिच्या आईला शेजारणींना फक्त एवढंच सांगता येई, "अंड्यांतलं काहीतरी करते."

त्या जंगलात प्रजननशास्त्राची एक मोठी संस्था होती. शामलाला तिथे पोस्टडॉकची जागा मिळाली. पोस्टडॉक म्हणजे काय, ते सांगतो. शिक्षण संपलेलं असतं आणि नोकरी लागलेली नसते, अशा पाखराला टेकायला दिलेली ही फांदी. फांदी एका वर्षापुरती. तिच्यावर घरटं बांधायचं नाही.

संस्थेच्या संचालक होत्या प्रोफेसर सुस्वराबाई कोकीळ. उबवणी या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. बाईंनी आयुष्यात पुष्कळ अंडी घातली होती, पण एकाही अंड्यावर त्या बसल्या नव्हत्या. तरी दरवेळी कुठे ना कुठे पिल्लू निघतच असे. त्यामुळे ऊब वगैरे सगळं थोतांड आहे, असं बाईंचं अगदी प्रामाणिक मत होतं. आता ते फक्त सिद्ध करायचं राहिलं होतं.

त्यासाठीच शामलाला घेतलं होतं. प्रयोग सोपा होता. काही अंडी कुजणाऱ्या पाल्याच्या गरम ढिगात ठेवायची, काही थंडगार कातळावर ठेवायची आणि काय होतं ते बघायचं.

नेमकी तेव्हाच शामलाची स्वतःची अंडी घालायची वेळ झाली. तिच्या नवऱ्याने, दगडूने, बाभळीवर घरटंही बांधून ठेवलं होतं.

"मॅडम, उबवणीची रजा हवी होती," शामला म्हणाली.

"रजा कायम नोकरीतल्यांना असते, बाळ," बाई मायेने म्हणाल्या. "आणि आपण उबवणीवरच तर काम करतोय ना? मग रजा कशाला?"

शेवटी शामलाने संस्थेच्या फांदीवरच तीन अंडी घातली. एरवी कधी वेळेवर न येणारं कार्यालयातलं कासव लगेच हजर झालं.

"संस्थेच्या फांदीवर जे निपजेल ते संस्थेचं," असं म्हणून त्याने अंडी प्रयोगात जमा केली. कुठली अंडी कुठे ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरे. शामलाची तिन्ही अंडी कातळावर गेली.

हे कळताच दगडू धावत आला. "आगं, बघतीस काय? उचल ती अन् चल घरी!"

"असं कसं उचलू? प्रयोग मोडेल. मग मला कुठेच फांदी मिळायची नाही."

"आन् आपली पोरं गारठून गेली तर?"

शामलाला रडू आलं. इतकी वर्षं अंड्यांचा अभ्यास केला तो आपल्याच अंड्यांकडे लांबून बघत उभं राहण्यासाठी, हे काही तिला सोसेना.

बाई तर नेहमी परिषदांनाच असत. आंब्याला मोहर आला की त्यांना गावोगावची बोलावणी. मग शामला कातळावर जाऊन निरीक्षण करू लागली. आधी दुपारचं, मग दिवसभर. निरीक्षण ती कातळावरची सगळी अंडी पोटाखाली घेऊन करी.

"किती जवळून बघते पोर!" कासव कौतुकाने म्हणे.

यथाकाल पिल्लं निघाली. ढिगातली निघाली, तशी कातळावरचीही निघाली. प्रयोग संपला आणि शामला आपली तिन्ही पिल्लं घरी घेऊन गेली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी जाहीर केलं की ऊब दिली काय आणि न दिली काय, पिल्लू निघतंच. सिंहमहाराजांनी टाळ्या वाजवल्या आणि साऱ्या जंगलाची उबवणीची रजा रद्द करून टाकली.

शामला घाबरीघुबरी होऊन बाईंकडे गेली. "मॅडम, कातळावरची अंडी मी उबवली होती. निष्कर्ष खोटा आहे."

बाईंनी मायेने विचारलं, "शामला, तुझी फांदी आता संपत आली ना?"

"हो."

"आणि घरी पिल्लं तीन?"

"हो, मॅडम."

"मग तू निरीक्षणच केलंस."

शामलाला स्वतःची लाज वाटली. पण घरी तीन चोची उघड्या होत्या. तिने आपली मिटली.

इकडे जंगलातल्या साऱ्या पक्षिणींनी निष्कर्ष ऐकला आणि माना डोलावल्या.

"शास्त्र म्हणतंय म्हणजे बरोबरच असणार," साळुंकी म्हणाली आणि लगबगीने घरी जाऊन अंड्यांवर बसली. चिमणीने तेच केलं, टिटवीनेही तेच केलं. कामाच्या वेळी कामावर, उरलेल्या वेळी अंड्यांवर. झोपेचं तेवढं बघायचं राहून गेलं.

त्या वर्षी जंगलात घरोघर पिल्लं निघाली. रजा मात्र एकीनेही घेतलेली नव्हती. बाईंचा निष्कर्ष असा जंगलभर खरा ठरला.

शामलाला आणखी एक वर्ष फांदी मिळाली. नवा विषय बाईंनी स्वतः काढून दिला : हल्ली जंगलातल्या माद्या कामावर पेंगतात, त्या इतक्या आळशी का झाल्या?

तात्पर्य : बाळांनो, जे काम साऱ्या आया गुपचूप करतात, ते करण्याची मुळीच गरज नसते. हे आता शास्त्राने सिद्ध झालं आहे.