अनंताच्या फांद्या

उद्यान खात्यातल्या कीड निरीक्षकांनी पहिल्याच घरी भिंग काढून अनंताची फांदी पाहिली आणि तिच्यावरचा तपकिरी फुगवटा नखाने खरवडला. तो टपकन सुटला. खाली बारीक अंडी. बाहेरून आलेली खवले कीड, झाड जाळावं लागेल, असं त्यांनी घरमालकिणीला सांगितलं आणि नियमाप्रमाणे रोप कुठून आणलं ते विचारलं.

बाई अवघडल्या. "तुम्हीच नाही का दिलंत? वहिनी गेल्या तेव्हा."

निरीक्षकांनी कागदावर 'ओळखीतून' असं लिहिलं.

बायको गेल्यावर तिच्या अनंताच्या फांद्या रुजवून त्यांनी तेरा जणांना वाटल्या होत्या. तिचं काहीतरी घरोघरी राहावं, एवढंच मनात होतं. आता तक्रारीही नेमक्या त्याच तेरा घरांच्या शेजाऱ्यांकडून आल्या होत्या. दंतवैद्याने चहा पाजला आणि वहिनींचं झाड फार लाभलं, दिवसभर मुंग्या असतात, असं कौतुकाने सांगितलं; मुंग्या किडीच्या गोड चिकट्यासाठी येत होत्या. खात्यातल्या साहेबांनी तर आपल्या कुंडीवर तिच्या नावाची पट्टी चिकटवली होती. ती निरीक्षकांनी सोडवून खिशात ठेवली आणि झाड पोत्यात घातलं.

घरचं मूळ झाड त्यांनी शेवटी पाहिलं. वर्षभर रोज पाणी घातलं होतं, पण चष्मा लावून एकदाही पाहिलं नव्हतं. भिंगाची गरजच पडली नाही. त्यांनी ते उपटलं आणि अहवालात कीड पसरवणाऱ्याचा म्हणून स्वतःचा पत्ता लिहिला. साहेबांनी न वाचताच शेरा मारला, 'संबंधितास समज द्यावी.' समज देण्याचं काम निरीक्षकांकडेच होतं. त्यांनी स्वतःला पत्र लिहिलं आणि पोच म्हणून सही केली.

मग मेहुणीचा फोन आला. तिच्याकडचा अनंत बहिणीने सात वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लावून दिला होता; तोही जाळणार का, एवढंच तिला विचारायचं होतं. निरीक्षक गेले आणि तासभर पानन् पान उलटून पाहत राहिले.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले, आणि भिंग खिशात ठेवलं. मग त्यांनी एक फांदी मागितली.

मेहुणीने मान हलवली. "नको भावोजी. तुमच्या हाती नको. आठवण आली की इथे येत जा."

पुढच्या रविवारी ते गेले तेव्हा तिने त्यांना दारातच थांबवलं, शर्ट झटकायला लावला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग त्यांची खुर्ची झाडापासून चांगली चार हातांवर मांडली. वास तिथवर येत होता.