कॉफीच्या डब्यातले अकरा हजार फूट

नाताळात बायकोने दिलेली भेट नावडली तरी नवऱ्याने ती हसतमुखाने घ्यावी, हे लायल टॉर्गर्सनला कुणी शिकवायची गरज नव्हती. बदकांचं चित्र असलेला स्वेटर, नाकातले केस कापायचं यंत्र, असं बरंच काही त्याने आजवर ‘वा, वा’ म्हणत स्वीकारलं होतं. (बदकांचा स्वेटर तर दोनदा.) पण यंदा कागद फाडून त्याने डबी उघडली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत अल्टिमीटर होता. इलेक्ट्रॉनिक.

विमानातून उडी मारल्यावर जमीन अजून किती खाली आहे हे सांगणारं हे यंत्र मनगटावर बांधायचं असतं. लायलकडे ते होतं. गोल, काळं, एका काट्याचं. तीस उन्हाळे त्याने त्या काट्याच्या भरवशावर उड्या मारल्या होत्या.

“माझ्याकडे आहे की,” तो म्हणाला.

“तो काट्याचा आहे,” जोलीन म्हणाली.

“मग काट्याला काय झालंय?”

“काट्याला काही झालेलं नाही. तू वेन्डेलच्या शेणाच्या खड्ड्यात उतरलास.”

हे खरं होतं. सप्टेंबरात लायलने पॅराशूट जरा उशिरा उघडलं, उतरायच्या मैदानापर्यंत पोचण्याइतकी उंची उरली नाही, आणि वेन्डेल क्विस्टच्या गोठ्यामागच्या खड्ड्यात तो कमरेपर्यंत रुतला. काटा बिचारा बरोबरच होता. त्याच्याकडे बघायचं राहून गेलं, इतकंच. पण ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात पसरली आणि फिरत फिरत जोलीनच्या कानावर गेली. त्या रात्री तिने त्याचे कपडे तीन वेळा धुतले. लायलला वाटलं, वासामुळे.

“हा ओरडतो,” जोलीन नव्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली. “पॅराशूट उघडायची वेळ झाली की पिंपिं करतो. बघायला विसरलास तरी ऐकायला येईल.”

“मला ओरडायला या घरात माणसं कमी आहेत का?”

“वसंतात उडी मारायची असेल तर हा बांधून. नाहीतर नाही.”

विषय संपला. मिनेसोटात तसाही एप्रिलपर्यंत मैदानावर गुडघाभर बर्फ असतो, त्यामुळे विमान उडण्याचा प्रश्न नव्हता. म्हणजे उडी नाही आणि यंत्र मात्र हातात. लायलचं त्या यंत्राशी पहिल्या दिवसापासून वाकडं आलं ते इथूनच.

एक तर त्याला एकच बटण. एकदा दाबलं की दिवा, दोनदा दाबलं की यादी, जास्त वेळ दाबलं की झोप. लायलने ते मध्यम दाबलं, आणि यंत्र कुठल्याशा परक्या भाषेत बोलायला लागलं ते दोन दिवस तेच बोलत राहिलं. वर त्याला चार्जिंग लागायचं. “तीस वर्षांत काट्याला कधी चार्जिंग लागलं नाही!” लायल त्या चार्जरच्या वायरकडे बघून म्हणायचा. माळ्यावर गेला तर यंत्र सांगायचं, तू दहा फूट वर आहेस. तळघरात गेला तर म्हणायचं, खाली आहेस. स्वतःच्या घरात आपण कुठे आहोत हे आता एक चिमुकली काच आपल्याला सांगणार, या विचाराने त्याचं रक्त उसळायचं.

पण सर्वांत मोठा अपमान म्हणजे सराव. त्या यंत्रात इशाऱ्याचा आवाज नुसता वाजवून बघायची सोय होती आणि ती जोलीनला सापडली. विमानातून पडताना इशारा झाला की शरीर कमानीसारखं ताणायचं, हनुवटी वर, आणि उजवा हात मागे कमरेशी नेऊन तिथली मूठ ओढून फेकायची. मग पॅराशूट उघडतं. लायलने हे शेकडो वेळा केलं होतं. आता तो भांडी घासत असताना, दात घासत असताना, टीव्हीवर हॉकी बघत असताना जोलीन मागून येऊन पिंपिं वाजवायची आणि त्याने आहे तिथे कमान करून कमरेला हात घालायचा. उशीर झाला तर त्या दिवशी पाय बंद. पाय म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ.

“मी सर्कशीतला सील आहे का?” त्याने एकदा विचारलंच.

“सील पहिल्या वेळी ऐकतो,” जोलीन म्हणाली.

जानेवारी संपता संपता तो इतका तयार झाला की मायक्रोवेव्ह वाजला तरी त्याचा हात मागे जायचा. किराणा दुकानात गल्ल्यावरच्या बाईने सॉसेजचं पाकीट यंत्रावरून फिरवलं, ‘पिं’ झालं, आणि लायल ताठ होऊन हनुवटी वर करून कंबर धरून उभा राहिला. त्या बाईने धावत जाऊन त्याच्यासाठी खुर्ची आणली.

अशा माणसाने चिडून एखादा लहानसा निर्णय घेतला तर त्याला दोष देता येत नाही. लायलने ठरवलं, हे यंत्र खोटं आहे हे सिद्ध करायचं. त्याने गॉर्डीला फोन केला. गॉर्डी म्हणजे मैदानावर विमान चालवणारा.

“वर न जाता याची परीक्षा कशी घेऊ?”

“सोपं आहे. हे यंत्र हवा मोजतं. हवा कमी म्हणजे उंची जास्त. जोलीनकडे तो हवा काढून घ्यायचा डबा आहे ना? त्यात ठेव आणि हवा ओढ.”

डबा होता. कॉफीचे दाणे ताजे राहावेत म्हणून जोलीनने घेतलेला, स्टीलचा, झाकणात छोटी काच, आणि झाकणावर हवा ओढायचा दट्ट्या. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी, जोलीन वर केस वाळवत असताना, लायलने तो ओट्यावर घेतला. आत अर्धा डबा कॉफी होती. ती काढायची गरज त्याला वाटली नाही. (कॉफी जास्त म्हणजे हवा कमी, हवा कमी म्हणजे मेहनत कमी. विज्ञान त्याला समजत नव्हतं असं नाही.) यंत्र दाण्यांवर ठेवलं, झाकण लावलं आणि दट्ट्या मारायला सुरुवात केली.

आकडे चढू लागले. हजार. तीन हजार. लायल पायमोज्यांत उभा राहून दट्ट्या मारत होता आणि काचेतून बघत होता. सहा हजार. आठ. खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि इथे आत, स्वयंपाकघरात, हळूहळू विमान चढत होतं. अकरा हजारांवर आकडा थांबला आणि लायलने काचेला नाक लावलं. चार महिन्यांत तो इतक्या उंचावर गेला नव्हता. यंत्र खोटं ठरवायचं होतं, याचा त्याला त्या क्षणी विसरच पडला.

तेवढ्यात बाहेर बर्फ काढणाऱ्या गाडीचा भोंगा वाजला. रस्त्यावर उभी केलेली पिकअप हलवली नाही तर ती दिवसभर बर्फाखाली गाडली जाणार होती. लायल बूट अडकवून धावला, फावड्याने टायर मोकळे केले, गाडी मागच्या आवारात घेतली आणि परत आला. ओटा रिकामा होता. फ्रिजवर चिठ्ठी होती: ‘आईला घेऊन चर्चला पुढे जाते. कॉफी माझ्याकडे आहे. दाढी कर.’

त्या दिवशी चर्चची वार्षिक सभा होती. सभेला दीडशे माणसं, आणि दीडशे ल्यूथरन, म्हणजे कॉफीवर जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, माणसांना लागते तेवढी कॉफी. शिवाय छताच्या दुरुस्ती समितीचा प्रमुख निवडायचा होता. एका बाजूला वेन्डेल क्विस्ट, दुसऱ्या बाजूला स्वतः लायल. जोलीनची आई अर्डिस हिचं मत आधीच जाहीर होतं: जो माणूस चांगल्या चालत्या विमानात बसून राहू शकत नाही, त्याच्या हाती छत देऊ नये.

प्रार्थनेला लायल शेवटच्या बाकावर पोचला. सगळे उभे राहून देवाची स्तुती गात होते, आणि खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात त्याचं यंत्र अकरा हजार फुटांवर होतं. त्या मंडळींपैकी कुणाहीपेक्षा देवाच्या जवळ. प्रार्थना संपताच तो जिने उतरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. खिडकीत सासूबाई होत्या. आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा नियम चर्चच्या पायापेक्षा जुना होता.

“आई, तो स्टीलचा डबा जरा द्या ना.”

“कॉफी तयार आहे. कप घे.”

“कॉफी नको. डबा हवाय.”

“कॉफी नको?” अर्डिसने चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं. “ताप आहे का तुला?”

“त्यात माझं एक यंत्र आहे.”

“इथे आहे की यंत्र. चाळीस कपांचं. तुझं घरचं कशाला आणलंस?”

“आई, मी डब्यात...”

“लायल!” पलीकडून चर्चच्या धर्मगुरू पास्टरबाईंनी हाक मारली. “तुमची पाळी. दोन शब्द बोला.”

लायल खाण्याच्या लांब टेबलासमोर उभा राहिला. मागे पांढऱ्या चादरीवर बटाट्याच्या गरम पदार्थाची भांडी, हॅमचे पाव, आणि किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली हलत होती. समोर पहिल्या खुर्चीत वेन्डेल, हाताची घडी घालून. लायलने एक डोळा स्वयंपाकघरावर ठेवला आणि सुरुवात केली.

“मित्रहो, सप्टेंबरातल्या एका प्रसंगाचा काही लोक फार गाजावाजा करतात. पण छतावर चढायला कसा माणूस हवा? ज्याला उंचीची सवय आहे असा! ज्याचं डोकं वर गेल्यावरही...”

आत पहिली कॉफी संपली होती. अर्डिसने स्टीलचा डबा पुढे ओढला आणि झाकणाची खुंटी उचलली. ‘फुस्स’ असा बारीक आवाज झाला. हवा आत शिरू लागली, आणि यंत्राला वाटलं, उडी मारली.

“...शांत राहतं!” लायल म्हणाला.

पिं-पिं-पिं-पिं!

सभेतल्या निम्म्या लोकांचे हात आपापल्या कानातल्या यंत्रांकडे गेले. कुणी ती ठोकून बघितली, कुणी काढून हलवली. “माझं नाही, तुझं वाजतंय!” म्हणून दोन म्हाताऱ्यांत जुंपली. पण लायल त्या वेळी तिथे नव्हताच. त्याची हनुवटी वर गेली, छाती पुढे आली, शरीराची सुरेख कमान झाली आणि उजवा हात मागे कमरेशी गेला. तिथे कापड लागलं. मुठीत घट्ट धरलं आणि सगळी ताकद लावून फेकलं.

चादर फार चांगली निघाली. पॅराशूटसुद्धा असं निघत नाही. पाव उडाले, बटाटे सांडले, आणि हिरवी जेली भांड्यातून सुटून, हवेत एकदा थरथरून, वेन्डेल क्विस्टच्या मांडीवर उतरली.

डबा अजून ओरडतच होता. अर्डिस तो हातभर लांब धरून बाहेर आली. तिने कॉफीच्या चमच्याने आतलं यंत्र बाहेर काढलं.

“कॉफीत घड्याळ कोणी टाकलं?”

“घड्याळ नाही ते!” लायल गरजला. त्याच्या खांद्यावर चादर होती. “आणि मी काय करणार? महिनाभर मला कुत्र्यासारखं शिकवलंय! दात घासू देत नाहीत! पाय खाऊ देत नाहीत! त्या काट्याने कधी तरी असं केलं होतं का? तीस वर्षांत कधी कॉफीत जाऊन बसला?”

“तुझा काटा माझ्या खड्ड्यात जाऊन बसला होता,” वेन्डेल जेली झटकत म्हणाला.

गर्दीतून जोलीन पुढे आली. लायलने डोळे मिटून घेतले. पण ती चादरीकडे बघत नव्हती, जेलीकडेही नाही. तिचे डोळे भरले होते.

“पहिल्याच आवाजाला,” ती म्हणाली. “लायल, पहिल्या पिंला तुझा हात मागे गेला. मी बघितलं.”

“बघितलंस ना काय झालं ते?”

“सप्टेंबरात मैदानावरच्या माणसांनी सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर... मी रोज रात्री तोच हिशेब करत होते.” तिने चमच्यातलं यंत्र घेतलं, स्वेटरला पुसलं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. “आता मार वसंतात उडी. मी अडवणार नाही.”

संतापलेल्या माणसावर अशी वेळ येऊ नये. सगळा संताप घशातच अडकतो आणि गिळताही येत नाही. जोलीनने त्याचा हात धरून दिव्याच्या उजेडात उंच केला आणि डोळे बारीक करून यंत्रावरचा आकडा वाचू लागली. “शून्य,” ती हसून म्हणाली. “सुखरूप उतरलास.”

मागे पास्टरबाई काहीतरी विचारत होत्या, खुर्च्या सरकत होत्या, पण त्याचं लक्ष नव्हतं. मग टाळ्या वाजल्या.

“कशाच्या टाळ्या?” त्याने विचारलं.

“निवड झाली,” पास्टरबाई म्हणाल्या. “छत वेन्डेलकडे.”

“आणि मी?”

“तुमच्यासाठी नवी समिती केली. तळघराच्या फरशीची. आजपासूनच. बादली जिन्याखाली आहे.”

“हे चालणार नाही!” लायलचा संताप अखेर मोकळा झाला. “मत कोणी दिलं? किती जणांनी दिलं?”

“एकमताने ठराव झाला.”

“एकमताने? मग माझं मत कुठे गेलं?”

“लायल,” पास्टरबाई मायेने म्हणाल्या, “सगळ्यात आधी तुमचाच तर हात वर होता.”