महाराजांचे केस कापणारा कोयता

एका जंगलात, बाळांनो, एकच कोयता होता. एक लाकूडतोड्या वाघाला पाहून तो टाकून पळाला होता. वाघाला त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून कोयता सगळ्यांचा झाला.

वर्षातून एकदा त्याचं काम निघायचं. शिमगा जवळ आला की माळावरचं गवत वाळतं. पलीकडच्या गावात होळ्या पेटतात, एखादी ठिणगी वाऱ्याबरोबर येते आणि वणवा लागतो. म्हणून खंडू अस्वल माळाच्या गावाकडच्या कडेने दहा पावलं रुंद पट्टा कापून मोकळा करायचा. आग तिथे आली की तिला खायला काही मिळत नाही आणि ती विझते. कळलं ना? मंत्र्यांना कळलं नाही, म्हणून तुम्हाला विचारलं.

कोयत्याला धार लावायचं काम सदुनाना साळिंदराचं. ओढ्याकाठी त्याचा दगड होता. दगडावर पाणी मारायचं, पातं तिरकं धरायचं, आठ हात या बाजूने, आठ हात त्या बाजूने. मग गवताची एक काडी कापून बघायची. काडी नीट कापली गेली की नाना थांबायचा.

"आता ने आणि वापर," तो खंडूला सांगायचा. "बोथट झाला की ये. त्याआधी आलास तर परत पाठवीन."

त्या वर्षी दिवाळीला रत्नाकरराव मोर जंगलाचे मंत्री झाले. पाहणी करताना त्यांनी कोयता हातात घेतला. पात्यात त्यांना स्वतःचा तुरा दिसला आणि कोयत्याबद्दल त्यांना एकदम जिव्हाळा वाटू लागला.

"नाना, ही धार जाते कशाने?"

"वापरल्याने, साहेब."

"हे माहीत असून तुम्ही तो वापरायला देत होतात?"

नाना मुकाट्याने दगड धुवायला लागला. तुम्हीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी कोयता राजगुहेत गेला. सावरीच्या कापसाच्या गादीवर त्याला निजवण्यात आलं. मंत्र्यांनी त्याच्यासाठी एक धार-समिती नेमली आणि रोज तीन वेळा धार लावायची, असं ठरलं. गवताची काडी मंत्र्यांना फार सामान्य वाटली, म्हणून धारेची परीक्षा सिंहमहाराजांच्या आयाळीच्या केसावर होऊ लागली. महाराज मान पुढे करायचे. केस कापला जायचा. सगळे माना डोलवायचे आणि आपापल्या बिळात जायचे.

एका महिन्याने नाना मंत्र्यांकडे गेला.

"साहेब, दगड धार फुकट देत नाही. दर वेळी थोडं लोखंड घेतो. पातं चार बोटं रुंद होतं, आता तीन राहिलंय."

"आपली समिती धारेची आहे, नाना. धार कमी झालीय का?"

"नाही, ती वाढलीय."

"मग तक्रार कसली?"

नाना परत दगडापाशी गेला. मंत्र्यांनी त्याला 'मुख्य धारतज्ज्ञ' केलं होतं, आणि काट्यांवर फुलांची माळ घालून त्याचा सत्कारही झाला होता. सत्कार झालेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. साळिंदराचंही तसंच असतं.

माघ सरला. माळ पिवळा पडला. खंडू कोयता मागायला गेला.

"जरूर न्या," रत्नाकरराव म्हणाले. "फक्त जशी धार नेली तशीच परत आणायची."

"गवत कापल्यावर धार थोडी तरी उतरणारच की."

"मग गवत न कापता न्या."

खंडू तसाच परतला.

आता यमुना टिटवीचं ऐका. तिचं घरटं माळावरच, गवताच्या मधे, चार खड्यांच्या आडोशाला होतं. त्यात चार अंडी होती. टिटवीची पिल्लं जन्मतःच पळतात, पण अंड्यांना पाय नसतात. पट्टा अजून कापलेला नाही, हे तिने पाहिलं आणि ती गुहेसमोर जाऊन ओरडू लागली.

"पट्टा कापा हो. माझी अंडी आहेत तिथे."

"टिटव्या ओरडतातच," रत्नाकरराव महाराजांना म्हणाले. महाराजांनी मान हलवली. त्यांची आयाळ बरीच विरळ झाली होती आणि त्यांना गार वाऱ्याचा त्रास होऊ लागला होता.

यमुना नानाकडे गेली. "नाना, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"सांगितलं होतं, बाई," नाना म्हणाला आणि दगडावर पाणी मारू लागला. त्याला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली त्याला. पण दुपारची धार राहिली होती.

पातं दोन बोटं झालं, मग एक बोट, मग वाळक्या पानाइतकं पातळ. शिमग्याच्या सकाळी परीक्षा झाली. केस पात्याला टेकायच्या आधीच तुटला, असं बघणारे सांगतात. इतकी धार त्या जंगलात कधी झाली नव्हती.

दुपारी वणवा आला.

खंडूने कोणाला विचारलं नाही. तो गुहेत घुसला, कोयता उचलला आणि माळावर धावला. पहिलाच घाव त्याने गवताच्या जाड बुंध्यावर घातला. पातं खळकन तुटून पडलं. हातात नुसती मूठ राहिली. मग खंडू नखांनी गवत उपटू लागला. नानाही धावत आला आणि दातांनी कुरतडू लागला. दोघांनी मिळून चार पावलं मोकळी केली. पट्टा तर माळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागणार होता.

आग माळ खाऊन ओढ्यापाशी थांबली. यमुना काळ्या पडलेल्या चार खड्यांपाशी जाऊन बसली. त्या दिवशी ती ओरडली नाही. नाना तिच्याजवळ जाऊन बसला.

आठवड्याने समितीचा अहवाल आला. रत्नाकररावांनी तो दरबारात वाचून दाखवला. कोयता चार महिने समितीच्या ताब्यात होता, तोवर त्याला काहीही झालं नाही. खंडू अस्वलाने तो एकदाच वापरला आणि त्याच वेळी तो मोडला. म्हणजे समितीला आधीपासून जी भीती वाटत होती ती खरी ठरली.

खंडूला माळावर यायची बंदी झाली. नाना दगड ओढ्यात ढकलून घरी गेला. कोयत्याची मूठ मात्र अजून कापसाच्या गादीवर आहे, आणि रोज तीन वेळा तिला तेल लावतात.

तात्पर्य: हत्यार नेहमी काम करणाऱ्याच्याच हातात मोडतं, म्हणून शहाण्याने काम करू नये, फक्त धार तपासावी. आणि ज्यांना अंडी घालायची हौस आहे, त्यांनी ती समितीच्या गादीवर घालावीत. जंगलात तेवढी एकच जागा सुरक्षित असते.